मोत्यासारखं अक्षर

विश्रांतवाडी,
९ जानेवारी २०२५

चि. अपेक्षास,
प्रेमलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन हाताशी असला तरी मी पत्रच लिहिणार, हे तुला ठाऊक आहे. कर्वेनगरात टपाल पोचतं तोवर चालू दे.

बातमी अशी, की निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्यावर शाळेला माझी आठवण आली. मुख्याध्यापक श्रीनिवास सरांनी मुद्दाम रिक्षा पाठवून बोलावलं. तुमच्या संस्थेने एचआयव्हीच्या संशोधनासाठी मुलांच्या प्रश्नांची पेटी ठेवली आहे ना, तिच्यातला एक कागद पुढे धरला आणि अक्षर कोणाचं ते विचारलं. मी मजकूर वाचलाही नाही. ‘ळ’चं वळण पाहिलं आणि सांगून टाकलं, दहावीतल्या × × ×चं! पाचवीत माझ्याकडेच गिरवलंय तिने, अक्षर अगदी मोत्यासारखं. सर थक्क झाले. त्या पेटीत वाह्यात प्रश्न निघतात म्हणे. सोन्यासारखं शिक्षण घेऊन तू कसल्या चौकशा करत फिरतेस, देव जाणे.

तब्येतीला जप. उत्तराला महिना लावू नकोस.

तुझी,
आत्या


कर्वेनगर,
१३ जानेवारी २०२५

ती. प्रेमलाआत्यास,
सा. न. वि. वि.

म्हणजे ती तू होतीस! अक्षर कोणी ओळखलं, हे मी आठवडाभर शाळेत विचारत होते. प्रत्येक जण छताकडे बघत होता.

पेटीची किल्ली फक्त माझ्याकडे होती. तुझ्या सरांनी कडीचे स्क्रू काढले. नाव लिहू नका, कोणाला कळणार नाही, असं मी त्या मुलांना वर्गात उभं राहून सांगितलं होतं. परवा पेटी उघडली तर आत एकच कागद होता. त्यावर ‘फसवलंत’ एवढंच लिहिलेलं. मला मान वर करता येईना.

तू न वाचलेला मजकूर सरांनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचलाच आहे, म्हणून लिहिते. ‘बाबा एचआयव्हीने गेले असं काका म्हणतात. मलाही असेल का? आईला न कळू देता तपासता येतं का?’ हा वाह्यातपणा? सरांनी तिच्या आईला बोलावून मुलीच्या वागण्यावर तोंडसुख घेतलं आणि परीक्षेपर्यंत तिला घरीच ठेवा म्हणाले. आईने मला दारातूनच परत पाठवलं. मुलगी अठराची नाही, आईच्या सहीशिवाय तपासणी होत नाही. आजार निघालाच तर औषधं घेऊन ती चांगली म्हातारी होईल. पण आधी कळायला तर हवं! तुझ्या ‘ळ’पायी ते अडलंय, आत्या.

तुझ्या पत्रातलं तिचं नाव मी काळ्या शाईने खोडलं आहे. मला एवढंच करता आलं.

रागावले आहे, तरी तुझीच,
अपेक्षा


विश्रांतवाडी,
४ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षास,
आशीर्वाद. घेशील तर.

तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. पोर घाबरून विचारत होती आणि मी वळण बघत बसले! स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सरांकडे गेले. शाळेतला स्क्रू ड्रायव्हर रिकामाच असेल तर आपल्या कपाटाचेही स्क्रू काढून ठेवा, पालकांना बघायला बरं पडेल, असं त्यांना सांगितलं. मुलगी सोमवारी वर्गात दिसली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र जाईल, त्यातलं अक्षर ओळखायला कोणाला बोलवावं लागणार नाही, खाली माझं नाव असेल, हेही सांगितलं. मुलगी सोमवारी वर्गात होती. शिक्षकांच्या खोलीत मात्र अजून कुजबुज चालते, आणि त्या निर्लज्जांना मी ओळखते.

तिच्या आईने माझ्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशी मी बाहेरूनच सांगितलं, की तुमच्या मुलीला ओळखून देणारी मीच. तेव्हा दार उघडलं. बाई मला वाट्टेल ते बोलली, मी ऐकून घेतलं. शेवटी रडली आणि म्हणाली, की नवरा गेल्यापासून भीतीने तिने स्वतःचंही रक्त तपासलेलं नाही. गेल्या मंगळवारी आम्ही तिघी मिळून गेलो. आईने सही केली, दोघींनी रक्त दिलं. मुलीने आत जाताना माझा हात धरला. मी तो हात धरून घ्यायच्या लायकीची नव्हते.

निकाल काल आला. निकाल ऐकताना मी आत असावं, असं त्या दोघींनीच सांगितलं. तो काय आला, हे तू मला विचारू नकोस. मी लिहिणार नाही.

माझ्यावरचा लोभ थोडा उरला असेल तर जपून ठेव.

तुझी,
आत्या