खोली ३१४ : रिकामी

मंगळवार, ४ मार्च
दादाला आमच्याच हॉस्पिटलमध्ये आणलं. तिसरा मजला, ३१४. 'आमच्या' म्हणजे मी बांधलेल्या — भिंती नव्हे, भिंतींच्या आतली अक्कल. दिवे, एसी आपोआप कधी चालू-बंद व्हायचे ते ठरवणारी यंत्रणा माझी. दोन वर्षं गेली त्यात. वहिनी एवढी घाबरलेली, तरी सिस्टरना सांगत होती, हे सगळं आमच्या वन्संनी केलंय. कौतुक असलं किंवा राग असला की मी वन्सं, एरवी नुसती 'ए'. मला उगाच बरं वाटलं. लगेच लाजही वाटली.

मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशन झालंय, पण डोळे मिटलेले, हात-पाय काहीच हलत नाही. दादाचे हात थांबलेले मी कधी पाहिलेच नव्हते! चाळीस वर्षं शिवणकाम. गप्पा मारतानासुद्धा दोन बोटं कात्रीसारखी चालायची.

बुधवार, ५ मार्च
वहिनीची तक्रार — थोड्या थोड्या वेळाने दिवा जातो, एसीही थांबतो. मग ती वर्तमानपत्र हलवते, की परत येतो. माश्या हाकतेय असं लोकांना वाटतं म्हणे. मी हसले. ऑफिसात येऊन स्क्रीनवर पाहिलं.

३१४ — रिकामी.

दहा मिनिटं हालचाल नाही म्हणजे माणूस नाही. हा नियम माझा. चाचणी घेतली ती आमच्याच टीमवर, आणि त्यातला एकही दोन मिनिटं स्वस्थ बसणारा नाही! पलंगांतही सेन्सर बसवायचे होते. खर्चाची यादी छाटताना मीच खोडले. आजाऱ्याच्या खोलीत कोणी ना कोणी हलतंच की, असं ठणकावून सांगितलं होतं. 'रिकामी' हा शब्दही मीच निवडलेला. आत माझा भाऊ होता.

शुक्रवार, ७ मार्च
ऑफिसातल्या साहेबांकडे गेले. दहाची तीस मिनिटं करू द्या म्हटलं. ते म्हणाले, वीस तारखेला पाहुणे इमारत बघायला येताहेत, विजेची बचत हीच आपली शान, आणि बचतीचे आकडे तर तुम्हीच मांडलेत. माझेच दात, माझेच ओठ.

एवढीच मुभा मिळाली — ३१४चा सेन्सर जास्त हळवा करायचा. शिडीवर चढून त्याचं तोंड पलंगाकडे वळवलं. वहिनीने मुद्दाम वर्तमानपत्राचं एक पान हळूच उलटलं. दिवा लागला. चार दिवसांत पहिल्यांदा हसली ती.

सोमवार, १० मार्च
दादा तसाच.

बुधवार, १२ मार्च
डॉक्टर स्पष्ट बोलले. खालच्या मजल्यावर व्यायामाचा विभाग आहे, तिथे खाटा मोजक्याच. दादाची स्वतःहून काही हालचाल दिसली, एक बोट जरी, तर तिथे घेतील. सोमवारपर्यंत वाट बघायची. नाहीतर घरी न्या, सेवा करा. 'सेवा करा' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

ते गेल्यावर वहिनी छताकडे बघत म्हणाली, "वन्सं, तुमच्या त्या डोळ्याला पेपर दिसतो. हे दिसत नाहीत?"

 

शनिवार, १५ मार्च
वहिनी आंघोळीला घरी गेली. मी खुर्चीत दादासारखी निश्चल बसून पाहिलं. दहा मिनिटं फार मोठी असतात. दिवा गेला तेव्हा वाटलं — आपल्याला कोणीतरी नाहीच असं धरलंय!

लहानपणी दादा माझ्या शाळेच्या फ्रॉकचं माप घ्यायचा. मी चुळबुळ करायची. तो ओरडायचा, हलू नकोस, बाही वाकडी होईल. आज त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "दादा, हल ना रे आता." खूप रडले.

सोमवार, १७ मार्च
सकाळी डॉक्टरांनी तपासलं. काही नाही. उद्या दुपारी घरी न्यायचं. कागद माझ्या पर्समध्ये आहे.

चार वाजता वहिनीला ओढूनच खाली चहाला नेलं. इतक्या दिवसांत दादाला पहिल्यांदा एकटं सोडलं तिने. दार नीट लावलंस ना, असं दोनदा विचारलं. साखर घालून चहा ढवळत राहिली, प्याली नाहीच. मग म्हणाली, "निघेपर्यंत तरी ह्यांना माणसांत धर. काढून टाक तो डोळा." साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

मंगळवार, १८ मार्च
सेन्सर काढण्याआधी सवयीने मोबाइलवर कालची हालचालींची आणि दाराची नोंद उघडली.

४.०२ — दार बंद.
४.१२ — रिकामी. दिवा बंद, एसी बंद.
४.१५ — हालचाल. दिवा चालू, एसी चालू.
४.१९ — दार उघडलं.

सव्वाचारला वहिनी माझ्यासमोर चहा ढवळत होती; बंद दाराआड दादा एकटाच होता. शिडी तिथेच टाकली, डॉक्टरांकडे धावले. त्यांनी नोंद वाचली, परत वाचली. मग घरी न्यायचा कागद माझ्याकडून मागून घेतला.