ग्रीसमधली ती गल्ली

माय, आज माझ्या सुनेने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली आणि त्या वासाबरोबर मी थेट पारोळ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. पलटणीत निघालो तो दिवस. तू लसणाची चटणी फडक्यात बांधतेस, पुढ्यात आपटतेस आणि एवढंच म्हणतेस, "दुसरास्ना भांडनमा तुन्हं काय काम शे?" मी नुसता हसलो होतो. त्याचं उत्तर पुढे मला कुणीच दिलं नाही, साहेबांनीही नाही.

मोठी लढाई संपत आली तेव्हा आम्हाला ग्रीसमध्ये उतरवलं. जर्मन निघून गेले होते आणि तिथले लोक आता आपसातच लढत होते. डोंगरातले बंडखोर एकीकडे, सरकारचे दुसरीकडे, आणि आमची पलटण सरकारच्या मदतीला. समुद्रकाठच्या एका गावात पिठाच्या गोदामावर माझा पहारा. आम्ही गल्लीतून निघालो की खिडक्या लागायच्या. दुकानदार पुडा पुढे सरकवायचा, पण तोंडाकडे बघायचा नाही. गोदामासमोर एक म्हातारी राहायची, अंगावर काळे कपडे, तुझ्याएवढीच ठेंगणी. तिचा एक मुलगा डोंगरात, दुसरा सरकारी पोलिसात, असं आमचा दुभाष्या सांगायचा. ती नळावर यायची, बादली भरायची आणि मी तिथे नाहीच अशी निघून जायची.

एका सकाळी ती नळावर असतानाच गोळीबार सुरू झाला. मी धावलो, तिला भिंतीआड धरून ठेवलं आणि सगळं शांत झाल्यावर घरापर्यंत पोचवलं. तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून समोर आली. बोट डोंगराकडे, मग गावाकडे, मग माझ्या छातीकडे. तू कुणाचा? तिची भाषा मला येत नव्हती. तोंडातून आपलीच बोली निघाली, "माय, मी पारोळाकडला शे. आठे मन्हं कोनीच नही." इथे माझं कुणीच नाही, यातलं तिला काय कळलं कोण जाणे. आत गेली, जाडजूड पाव आणला, वर तेल ओतलं आणि मी खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अगदी तुझ्यासारखी. मग रोजच आणू लागली. पाव खाताना मला परदेश परका वाटायचा नाही.

आठवडा झाला असेल. तिच्या डोंगरातल्या मुलाचं प्रेत खेचरावरून आलं. गोळी कुणाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. बंदूक सोबत्याच्या हाती देऊन मी खांदा द्यायला पुढे झालो.  माझ्या वर्दीवर तळहात ठेवून तिने मला हळूच मागे सारलं. ते दार पुन्हा माझ्यासाठी उघडलं नाही. मला तिचा राग आला नाही, फक्त तिथून निघेपर्यंत त्या बाजूला बघवेना.

घरी आलो तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. तू सगळ्यांना बाजूला सारलंस, मला ओट्यावर बसवलंस, पाय धुवायला पाणी दिलंस आणि पहिलं काय विचारलंस तर, "तठला लोकेस्नी तुले जीव लाया ना रे?" मी म्हणालो, "हां माय, बठ्ठास्नी." तिथल्या सगळ्यांनी जीव लावला म्हटल्यावर तुझा चेहरा असा काही निवला! पुढे कितीतरी वर्षं तू ते शेजारणींना सांगायचीस आणि मी मान डोलवायचो.

हा कागद आता कुठे टाकणार, तुझा पत्ता कुठला. पण लिहून ठेवतो. बठ्ठास्नी नाही, माय. एकीनेच लावला होता, आणि तोही आठवडाभर.