नाल्याकाठचा चहा

सर, तुमच्या प्लॉटवरचा चहा मी हलवला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण केंद्राची प्रमुख झाल्यावर पहिला हुकूम मी हाच सोडला. लोकांना वाटलं, बाईंना जागा बदलायची हौस. मला सूड हवा होता.

आठवतेय ना आपल्या शेती संशोधन केंद्राची शिवार फेरी, शेतकऱ्यांना घेऊन सगळ्यांचे प्रयोग पाहत फिरायची ती? फाटकातून आत आलं की पहिला प्लॉट तुमचा, कडुनिंबाखाली टेबल, त्यावर चहा आणि आलुबोंडे. फेरी नुसती नावाला. तुमच्या कपाशीचं कौतुक करायचं, चहा प्यायचा आणि जीपमध्ये बसायचं. बाकीच्यांचे प्रयोग उन्हात उभे, आणि माझा तर शेवटचा, पार नाल्याकाठी. त्या साली पाऊस थांबायचं नाव घेईना. सपाट रानातलं सोयाबीन पाण्यात पिवळं पडलं होतं आणि माझं, जादा पाणी सरीतून निघून जाईल अशा रुंद वरंब्यावर पेरलेलं, हिरवंगार होतं. मी सकाळपासून बांधावर उभी आहे, कुणीतरी येईल म्हणून. शेवटी मीच टेबलापाशी आले. उंद्रीकडचा एक शेतकरी तुम्हाला विचारत होता, "साहेब, त्या टोकाले काय हाय?" बशीत चहा ओतत तुम्ही म्हणालात, "काही नाही जी, पोरीचा खेळ हाय. चिखलात काऊन जाता?" सगळे हसले. ज्यांचे स्वतःचे प्रयोग कुणी पाहत नव्हतं, तेही हसले. त्या शेतकऱ्याचं सोयाबीन पाण्यातच गेलं होतं. पुढच्या साली त्याने पुन्हा सपाट रानातच पेरलं असणार. माझा अपमान मी एक वेळ गिळला असता, हे नाही गिळता आलं.

तर आता ऐका. चहा नाल्याकाठी उकळतो, आणि कप हातात पडण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, दुसऱ्याच्या प्रयोगातलं आपण काय उचलणार. स्वतःचंच कौतुक केलं तर चहा नाही. पहिल्या फेरीला तुमचा लाडका चेला तोंड फुगवून उभा. "मॅडम, मी कपाशीचा माणूस. तुरीतलं मले काय समजते?" मी म्हटलं, "मग पाणी प्या." बाकीचे भुरके मारत होते. तो मुकाट्याने मागे फिरला, तुरीचा प्रयोग करणाऱ्या नव्या मुलीला जास्त फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडे खुडण्याचं पुन्हा पुन्हा विचारून आला. परवा तो शेतकऱ्यांना खुडलेली तूर दाखवत होता. "हे माहं काम नाही, त्या मॅडमचं हाय," म्हणाला. तुमच्या चेल्याच्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्या जिवाला थंडक पडली. तुमचं टेबल गोदामात गंजतंय. कडुनिंब तेवढा ठेवला, त्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

इथेच थांबायला हवं होतं. पण आजही फेरी झाली. फाटकाजवळचा पहिला प्लॉट प्रमुखाचा, ही तुमची रीत मी मोडली नव्हती. तो आता माझा आहे. सगळे तिथून भराभर पुढे गेले. नाल्याकाठी एकेकाने काय उचलणार ते सांगितलं, अगदी मनापासून सांगितलं, आणि माझ्या प्लॉटचं नाव कुणीही घेतलं नाही. नियम माझाच, बोलणार कुणाला? हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. तुम्ही बशीत चहा ओतत हसला असता. ते टेबल उद्या घासूनपुसून परत कडुनिंबाखाली ठेवायला सांगावं, असं आज मला वाटून गेलं, सर.