केसभर कड

॥ श्री ॥
पार्से (पेडणे, गोवा), ता. ४ मार्च १९९०

चि. सुमंगला हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई तुझ्याकडे मुंबईस सुखरूप पोहोचल्याची तार मिळाली, तरी जीव थाऱ्यावर नाही. ती तिथे भात खाते की नुसती पेज पिते ते कळव. मी येणार होतो. पण गेल्या वर्षी तिच्या आतड्याची गाठ काढली तेव्हा इस्पितळात मलाच भोवळ आली आणि तिची खाट मला द्यावी लागली. या खेपेस तिनेच मला उंबऱ्यातून परत फिरवले. म्हणाली, एका वेळी एक आजारी पुरे.

आता तो रोग लिव्हरमध्ये गेला. एकच गाठ आहे, काढता येईल असे तू म्हणतेस. मग बाकीचे डॉक्टर नको का म्हणतात? मी चौथी शिकलेला, समजेल असे लिही.

तुझा,
बाबा (कृष्णनाथ)


मुंबई, ९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

गाठ काढताना तिच्याभोवतीचे बोटभर निरोगी मांसही काढतात, म्हणजे रोगाचा कण मागे राहत नाही. त्याला आम्ही कड म्हणतो. आईची गाठ एका मोठ्या शिरेला टेकली आहे. तिथे बोटभर जागा नाही, केसभर आहे. म्हणून बैठकीत दोघे ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, हात लावू नये.

मी तिथे सर्वांत धाकटी सर्जन, तरी उभी राहिले. म्हटले, कड अरुंद असणे वेगळे आणि कडेत रोग असणे वेगळे. बाकी बाजूंनी ऐसपैस काढता येईल, आणि उरलेले लिव्हर पुन्हा वाढते. गाठ तशीच ठेवली तर ती थांबणार नाही. मोठ्या सरांनी फोटो पुन्हा पाहिले आणि म्हणाले, मी करतो. सत्तावीस तारीख दिली आहे.

आई वॉर्डातल्या बायकांना सोलकढी शिकवते आणि नर्सला मुलीसारखे चेडवा म्हणते. काळजी नसावी, हे लिहून उपयोग नाही हे ठाऊक आहे.

आपली,
सुमंगला


पार्से, १४ मार्च

चि. सुमंगला हिस आशीर्वाद.

तुझे पत्र मी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला वाचून दाखवले, पोष्टातल्या नव्या कारकुनालाही. गोव्याचे वेगळे राज्य झाल्यापासून तो कोंकणीशिवाय बोलत नाही, पण मराठी पत्र कान देऊन ऐकले. दोन मोठ्या डॉक्टरांपुढे कृष्णनाथाची मुलगी उभी राहिली, हे आता पलीकडच्या चोपडे गावापर्यंत गेले आहे.

काल देवीला कौल लावला. माझ्या सुमंगलेच्या हातून हे काम व्हावे काय, असे विचारले. उजवी पाकळी लगेच पडली, म्हणजे देवीचा होकार. आईलाही कळवले आहे. तेव्हा चाकू तूच धर, सरांनी बाजूला उभे राहावे.

तुझा,
बाबा


मुंबई, १९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

बाबा, हे काय करून बसलात? आमच्यात कोणी आपल्या माणसावर चाकू धरत नाही. शिरेपाशी रक्त वाहायला लागले तर लेकीचा हात मागे येईल आणि रोग आत राहील.

आईने तुमचे पत्र उशाशी ठेवले आहे. देवीने सुमंगला सांगितली, दुसऱ्या कोणाला ऑपरेशनची सही देणार नाही, म्हणते. सर आधी हसले, आता हसत नाहीत. शनिवारपर्यंत सही झाली नाही तर तारीख दुसऱ्याला जाईल, आणि पुढची मिळेपर्यंत ती केसभर जागाही उरेल असे मला वाटत नाही. माझे ती ऐकत नाही. तुमचे ऐकेल.

आपली,
सुमंगला


पार्से, २२ मार्च (मुंबईच्या बसवाल्याच्या हाती)

सौ. रुक्मिणी हिस आशीर्वाद.

आज मी पुन्हा देवळात गेलो. मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणे घातले आणि तो कौल सोडला, आता त्याचे बंधन नाही. विचारणाऱ्याने चारचौघांत सोडला तर सुटतो, असे गुरवाने सांगितले.

देवी खोटे बोलली नाही. मीच भलते विचारले. तू परत येशील काय, हे विचारायचे होते. डावी पाकळी पडली तर काय, या भयाने जीभ उचलली नाही. म्हणून ज्याचे उत्तर गोड लागेल ते विचारले. त्यात तुझा जीव कमी आणि माझा मोठेपणा जास्त होता.

सही कर. पोरीला बाहेर बसू दे. दुसरा कौल मी घेतलेला नाही.

तुझा,
कृष्णनाथ


मुंबई, ३० मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आईने सही केली. सत्तावीसला ऑपरेशन झाले. मी बाहेर बाकावर इतर नातेवाइकांत बसले होते. शिरेलगतची कड सरांनी त्याच वेळी तपासायला पाठवली. ती केसभरच आहे, पण तिच्यात रोग नाही. सरांनी बाहेर येऊन मला हे डॉक्टरला सांगतात तसे नाही, मुलीला सांगतात तसे सांगितले.

आज ती दोन घोट पेज प्याली आणि यंदा काजूच्या काजी बऱ्या धरल्या काय, असे विचारले. दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागेल.

आपली,
सुमंगला


पार्से, ४ एप्रिल

चि. सुमंगला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी अंगणात बसूनच राहिलो. दुपारी शेजारचा सगुण आला. त्याने विचारले, एवढी शिकली आणि शेवटी बाकावर बसली? मी म्हटले, चाकू धरणारे तिथे पुष्कळ होते. सगळे नको म्हणत होते तेव्हा उभी राहिली ती माझी मुलगी, आणि हात शिवशिवत असताना बाहेर बसून राहिली तीही माझीच. दोन्ही जमणारी पेडण्यात दुसरी असेल तर दाखव. तो चहा न पिताच गेला. त्याच्या घरीही हेच सांगून ये, असे मी मागून ओरडून सांगितले.

आईला सांग, काजी बऱ्या आहेत.

आणखी एक. तपासणीत जे निघेल ते मला गोड करून लिहू नको. आहे तसे लिही, बाय. आता मला विचारता येते.

लोभ आहेच, तो उणा पडू देऊ नये.

तुझा,
बाबा