फुल टाकीचा वास

बाळ्या,

सकाळी गाडीत बसले आणि पेट्रोलचा वास डोक्यात चढला. गळतंय का म्हणून गाडीखाली पुठ्ठा टाकून पाहिला, तो कोरडा ठणठणीत. गॅरेजवाला म्हणाला, टाकीच्या वरचं रबर गेलंय, टाकी फुल केली तरच वास येणार. आपण कायम अर्धीच भरतो, म्हणून कधी कळलं नाही.

हा वास मला याआधी एकदाच आला होता, तुझे बाबा घर सोडून गेले त्याच्या आदल्या दिवशी, याच गाडीत. नंतर गाडी सापडली, ते नाही.

आज टाकी फुल आहे, आणि ती मी भरलेली नाही.

चावी खिळ्यावरच आहे, लपवलेली नाही. पण रबर बदलल्याशिवाय गाडी काढू नकोस, आणि आत सिगरेट तर अजिबात पेटवू नकोस. जायचंच असेल तर मी कामावरून आल्यावर तोंडावर सांगून जा. बाबांनी तेवढंही केलं नाही.

आई