गाडीला वज्रलेप

१ मार्च १९४४, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. खोटं लिहायचं नाही, हा पहिला नियम.

निश्चय एकच. पाडव्याला गाडी घेऊन सांगलीस जायचं आणि विनोदिनीला घरी आणायचं. तिला माहेरी जाऊन पाच महिने झाले. ती यायला तयार नाही असं नाही. फक्त अट घातली आहे. तिच्या वडिलांच्या तेराव्याला मी गेलो तेव्हा म्हणाली, "तुमची मोटार एकदा माझ्यासाठी बाहेर काढा. मग येते."

म्हणजे तिला गाडीची हौस आहे. इतकी वर्षं बोलली नाही.

अडचण पॉलिशची. सातारा ते सांगली पाऊणशे मैल, आणि उंब्रजपासून पुढे नुसता फुफाटा. बाजारातलं पॉलिश कऱ्हाडपर्यंतसुद्धा टिकत नाही. सासुरवाडीच्या दारात धुळीने माखलेली गाडी उभी करायची? वकिलाची गाडी आहे. एकदा लावलं की दहा वर्षं बघायला नको, असं काहीतरी पाहिजे.

५ मार्च
सापडलं.

नाथाजी गुरव आला होता. म्हसवडकडच्या एका खेड्यातला. देवळातल्या पाळीवरून सख्ख्या भावाशी भांडतो, म्हणून माझा अशील. बोलता बोलता म्हणाला, रोजच्या दुधापाण्याने देवाची मूर्ती झिजते, म्हणून तिला वज्रलेप देतात. राळ, मेण, जवसाचं तेल आणि बेलफळाचा गर. "तीस वर्सं झाली सायेब, लेप जरा बी हाललेला न्हाई."

तीस वर्षं. विलायतेत तरी असं पॉलिश आहे का?

पद्धत लिहून घेतली. लेप दिला की देव एकवीस दिवस पडद्याआड. कुणी हात लावायचा नाही, केर काढायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही. नाथाजीने विचारलं, कुठल्या देवाला द्यायचाय. गाडीला, म्हटल्यावर त्याने पागोटं काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आवं पर देव एका जाग्याव बसतोय. गाडी चालाया लागती न्हवं?"

अशिक्षित माणूस. मुद्दा त्याच्या लक्षात आला नाही.

१२ मार्च
पहिला लेप दिला. विनोदिनीच्या पुरणाच्या पातेल्यात शिजवला, तिच्या जुन्या पातळाच्या बोळ्याने लावला. पातेलं आता पातेलं राहिलेलं नाही. ती आल्यावर सांगू.

गाडीची शेड घराच्या पुढच्या दाराला लागून आहे. म्हणून पुढचं दार आतून बंद, शेडला गोणपाटाचा पडदा, आणि माझी ये-जा स्वयंपाकघराच्या दाराने. भांडी घासायला आणि स्वयंपाकाला दगडाबाई येते, तिला ताकीद दिली : मी घरी नसताना मागचं दार कुणालाही उघडायचं नाही. झोत येतो, धूळ उडते. कुणालाही म्हणजे कुणालाही.

संध्याकाळी हिशेब केला. एकवीस दिवस म्हणजे दोन एप्रिल. पाडवा पंचवीस मार्चला. हे आधी मोजायला हवं होतं. हरकत नाही. अक्षय तृतीया जास्त शुभ.

१९ मार्च
वैताग. दगडाबाईने गल्लीत सांगितलं, वकीलसाहेबांच्यात वज्रलेप चाललाय. सकाळपासून बायका हळदकुंकू घेऊन येताहेत. एकीने पडद्याखालून झेंडूची फुलं टाकली. एकीने देव कुठला म्हणून विचारलं, तर दगडाबाईने सांगितलं, "म्या बगितला न्हाई. पर काळा हाय म्हनं, आन् लय मोठा."

मी बाहेर येऊन खुलासा केला. मोटार आहे, देव नाही. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, "असू द्या की. नमस्काराला काय जातंय." नारळ फोडूनच गेल्या.

खोबरं चांगलं निघालं. विनोदिनीने वड्या केल्या असत्या.

२ एप्रिल, सकाळी ८
पडदा वर केला. लेप ओला. बॉनेटवर झेंडूच्या पाकळ्या, चिलटं, मुंग्यांची एक अख्खी रांग, डाव्या मडगार्डवर पाल. पाल जिवंत होती. सोडवली.

दोष लेपाचा नाही. भक्तांचा आहे.

३ एप्रिल
लेप पुसून काढला. पाण्याने जाईना, रॉकेलने जाईना. शेवटी पेट्रोलने गेला. सांगलीसाठी रेशनच्या कूपनांवर साठवलेलं सगळं पेट्रोल लागलं. गाडीसाठीच होतं, गाडीवरच खर्च झालं.

८ एप्रिल
विनोदिनीला आठ पानी पत्र लिहिलं. राळ किती, तेल किती, पहिल्यात काय चुकलं, दुसऱ्यात काय सुधारणा. आकृतीही काढली. तिला उत्सुकता असणारच. शेवटी जागा उरली नाही, म्हणून प्रकृतीची चौकशी राहिली.

१६ एप्रिल
तिचं कार्ड आलं. दोनच ओळी. "लेपाचे कळले. धुळीची गाडी चालेल, धुळीसकट या."

किती समजूतदार आहे. म्हणूनच तिला धुळीच्या गाडीत बसवणं बरं दिसत नाही.

सप्टेंबरात सांगलीहून तार आली, वडील अत्यवस्थ म्हणून, तेव्हा गाडीला नुकतंच पॉलिश केलेलं होतं आणि रस्त्यावर चिखल होता. मी म्हणालो, उद्या सकाळी निघू, रस्ता वाळेल. एका दिवसाचा तर प्रश्न. ती दुपारच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने एकटी गेली. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी रस्ता खरोखरच वाळला. मी म्हणालो होतो तसाच.

तो विषय आता जुना झाला. त्यावर लिहायचं कारण नाही.

घरात फार शांत आहे. लेपाला शांतता चांगली असते. मला नाही.

२७ एप्रिल
अक्षय तृतीया गेली. आज दुसरा लेप. या वेळी पातळ थर, दाराच्या फटी, बिजागऱ्या, सगळीकडे. एक जागा सोडली नाही. धुळीला शिरायला वाव नको.

मेण मात्र भेसळीचं निघालं. शेवटच्या हाताला अस्सल हवं. महाबळेश्वरास मधाच्या पोळ्याचं मेण मिळतं. जायला हवं.

दगडाबाईला पुन्हा ताकीद. पाठ म्हणून घेतली. ती म्हणाली, "उगडायचं न्हाई, म्हंजी न्हाई. कितींदा सांगशीला?"

५ मे, महाबळेश्वर
सर्व्हिसने आलो. पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, घाटात दोनदा उतरून चालायला लावलं. तरी वेळेवर पोचलो. बाहेर पडायचं मनात घेतलं की अडत काही नाही.

मुंबईवाल्यांच्या गाड्या पाहिल्या. टपापर्यंत लाल धूळ. दारं उघडी टाकून माणसं खुशाल आत-बाहेर करताहेत, मुलं बॉनेटवर बसली आहेत. कीव आली.

मेण मिळालं, दोन शेर. परतीची मोटार उद्याचीही भरलेली, म्हणून दोन रात्री मुक्काम. संध्याकाळी पॉइंटवर गेलो. सगळी जोडपी. मी मेण मांडीवर घेऊन बाकावर बसलो. लग्नानंतर एकदा तिला इथे आणायचं ठरवलं होतं. गाडी घेतल्यावर जाऊ, असं म्हणालो होतो. गाडी घेऊन आठ वर्षं झाली.

७ मे, दुपारी ४
घरी आलो. पडदा एका बाजूने वर. बॉनेटवर, बरोबर मधोमध, हाताचा पंजा उमटलेला. पाच बोटं, तळवा, मनगटापाशी बांगड्यांच्या दोन रेघा.

दगडाबाईला जाब विचारला. ती म्हणाली, "वयनीसायेब आल्या व्हत्या. काल."

विनोदिनी. सकाळच्या मोटारीने, ट्रंक घेऊन. आणि दगडाबाईने दार उघडलं नाही. का, विचारलं, तर म्हणते, "तुमीच म्हनलासा, कुनालाबी म्हंजी कुनालाबी. म्या त्यास्नी त्येच सांगितलं. त्या म्हनल्या, बरोबर हाय, ऱ्हाऊ दे."

दोन तास ट्रंकेवर बसली होती. मग पडदा स्वतः वर केला. हात टेकला, तो चिकटला, ओढून काढावा लागला. "हसल्या का रडल्या, त्ये कळलं न्हाई मला. त्वांड पल्याड व्हतं." दोनच्या मोटारीने परत गेली.

मी सगळं बारकाईने विचारून घेतलं. हात उजवा की डावा, किती वेळ होता, दाब किती होता, काढताना लेपाची तार निघाली का. उजवा. थोडा वेळ. तार निघाली.

म्हणजे लेप वाळला का, हे ती पाहत होती. तिला रस आहे. चिन्ह चांगलं आहे.

८ मे
मेण लावलं नाही. पंजावरून बोळा फिरवायला हात होईना.

१४ मे, सकाळी ९
लेप वाळला.

नखाने ओरखडा उठत नाही. पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळतो. आरशासारखी गाडी. आठ वर्षांत अशी दिसली नव्हती. नाथाजी गुरव आज इथे हवा होता.

पंजाही वाळला. आहे तसाच.

या महिन्याच्या कूपनांचं पेट्रोल कालच आणून ठेवलं आहे. तारीख ठरली. उद्या पहाटे सांगली.

१५ मे, सकाळी ६
दार उघडत नाही.

चारही दारं नाहीत उघडत. फटी भरल्या आहेत, बिजागऱ्या भरल्या आहेत, किल्लीचं भोक भरलं आहे. पेट्रोलच्या टाकीचं झाकणही. काच फोडून आत जाता येईल, पण बॉनेट उघडणार नाही. तीस वर्षं टिकणारा लेप आहे. मीच दिला आहे.

सकाळी ११
विनोदिनीला पत्र लिहायला घेतलं. "लेप उत्तम वाळला. तुझा हात उमटला आहे, तो ठेवला आहे. फक्त दारांचा थोडा प्रश्न—" इथवर आलो होतो. दगडाबाई भांडी लावत होती. पत्र कुणाला म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग त्येंनी इचारलं व्हतं, त्येचं बी लिवा की."

काय विचारलं होतं?

"जेवतात का येळंवर, म्हनून. ट्रंकंवर बसल्या बसल्या तीनदा इचारलं. दुसरं कायबी न्हाई."

मी म्हटलं, आठ दिवस झाले, हे तू आज सांगतेस?

"तुमी लेपाचं इचारलासा. म्या लेपाचं सांगितलं."

पत्र फाडलं.

दुपारी १
शेडमध्ये गेलो. पंजावर माझा हात ठेवून पाहिला. माझा मोठा आहे, बसत नाही.

दोनची सर्व्हिस सांगलीला जाते. कोळशाची आहे, कपडे काळे होतात. उंब्रजच्या पुढे धूळ. धुवट सदरा घातला होता, तो काढून कालचाच घातला.

दगडाबाईने ताट वाढलं. जेवलो. एक वाजता, म्हणजे वेळेवर. विनोदिनीने विचारलं तर निदान एवढं खरं सांगता येईल.