बुद्धघोषला कसं सांगू

लंडन

ती. आईस,
क्षमाचा सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. इथं थंडी लई आहे, पण तू दिलेली वाकळ पुरते. दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

बुद्धघोषचा गुडघा पुन्हा सुजलाय, हे त्यानं लपवलं तरी आवाजावरनं कळलं. तेल चोळू देऊ नको. बर्फ लाव आणि लगेच जिल्ह्याच्या दवाखान्यात इंजेक्शनला ने.

फोनवर बोलायला गेलं की तो शेजारीच असतो, म्हणून हे लिहितेय. रक्त न गोठण्याच्या त्याच्या आजारापायीच मी या संशोधनात आले. आमचं औषध आता लागू पडतंय. एकदाच सलाईनमधून द्यायचं. परवा इथला एक पेशंट म्हणाला, "पहिल्यांदाच लेकीबरोबर फुटबॉल खेळलो." मी हसले, आणि जिन्यात जाऊन रडले.

कारण बुद्धघोषच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. हे औषध एका निरुपद्रवी विषाणूतून शरीरात पोचवतात, आणि त्या विषाणूशी लढायची ताकद त्याच्या रक्तात आधीच आहे, ते औषध टिकूच देणार नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, "काहीच करता येणार नाही?"

"सध्या तरी नाही," ते म्हणाले. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

काल त्याचा फोन आला. "ताई, माझा नंबर कधी? बरा झालो की मोटारसायकल शिकणार हाय."

मी म्हणाले, "रिपोर्ट यायचाय अजून."

हा आजार आईकडनं लेकाला येतो, पण दोष तुझा असं मनात आणू नको. आई, एवढं शिकून त्याच्याशी खोटं बोलण्यापलीकडं मला काही जमलं नाही. तू सांगशील का त्याला?

तुझी लेक,
क्षमा